त्या प्रोटीनचं मूळ काम काय, ते आधी बघ

तुझं पत्र वाचलं, ड्रग रेझिस्टन्सवर, म्हणजे पॅरासाइट औषधांना दाद देईनासे का होतात यावर, काम करायचं ठरवलंयस हे वाचून मनापासून आनंद झाला. पण ‘कुठलं म्युटेशन (जनुकातला बदल) घेऊ’ असं विचारलंयस तिथेच जरा थांब. आधी ज्या प्रोटीनमध्ये म्युटेशन होतं ते पॅरासाइटच्या पोटापाण्यासाठी काय करतं ते शोध, कारण औषधाशी लढायला म्हणून ते मुळात तिथे नसतंच.

मलेरियावरच्या क्लोरोक्विनचं बघ ना. फाल्सिपेरम मलेरियाचा पॅरासाइट रक्तपेशीत बसून हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून सुटणारं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) त्याला स्वतःलाच घातक असतं म्हणून तो त्याचे स्फटिक करून टाकतो, आणि क्लोरोक्विन नेमकं तेच होऊ देत नाही. हे सगळं ज्या व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पॅरासाइटच्या पचनाच्या पिशवीत, चालतं त्याच्या पडद्यात पीएफसीआरटी हे ट्रान्सपोर्टर (वाहतूक करणारं) प्रोटीन असतं, पचनातले पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचे छोटे तुकडे बाहेर सोडणारं. त्यात 76व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल जाऊन थ्रिओनिन आलं, सोबत अजून काही बदल झाले, की ते क्लोरोक्विनलाही बाहेर काढायला लागतं.

पण फुकट काही मिळत नाही, औषध नसताना हेच म्युटेशन पॅरासाइटला महाग पडतं. मालावीने 1993 मध्ये क्लोरोक्विन बंद केलं आणि काही वर्षांत तिथे म्युटेशन नसलेले पॅरासाइट परत वरचढ झाले, औषध पुन्हा लागू पडायला लागलं! मला या अख्ख्या विषयात यापेक्षा आशादायक काही वाटत नाही. सगळीकडे असं झालं नाही हेही लक्षात ठेव, म्हणून तू म्युटेशनसोबत त्याची किंमतही मोज.

कधी उलटं असतं, प्रोटीन बिघडलं म्हणूनच पॅरासाइट वाचतो. स्लीपिंग सिकनेसच्या ट्रिपॅनोसोम या पॅरासाइटमध्ये पेंटामिडीन हे औषध पडद्यातल्या एक्वाग्लिसरोपोरिन 2 या प्रोटीनमधून आत जातं, ते गेलं की औषधाची मुख्य वाटच बंद. शिस्टोसोमा कृमीवरच्या ऑक्सॅम्निक्विन या औषधाला तर त्या कृमीचंच एक एन्झाइम चालू करतं, ते निकामी झालं तर औषध नुसतं पडून राहतं.

आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाच्या रेझिस्टन्समध्ये केल्च13 या प्रोटीनचं नाव येतं, पण त्याला तर औषध चिकटतही नाही. हे प्रोटीन हिमोग्लोबिन आत ओढायला लागतं. कंबोडियात खूप सापडलेल्या सी580वाय (580व्या जागी सिस्टीन जाऊन टायरोसिन) सारख्या म्युटेशनने ते कमी पडतं, कोवळी रिंग स्टेज (रक्तपेशीत नुकताच शिरलेला, अंगठीसारखा दिसणारा पॅरासाइट) कमी खाते, हीम कमी सुटतं आणि हीमशिवाय औषध नीट पेटत नाही. म्हणून नुसत्या सिक्वेन्सवर विसंबू नको, रिंग सर्व्हायव्हल टेस्ट स्वतः करायला शीक. 0 ते 3 तासांच्या रिंग घ्यायच्या, 700 नॅनोमोलर डायहायड्रोआर्टेमिसिनिन (आर्टेमिसिनिनचं शरीरात काम करणारं रूप) 6 तास द्यायचं, मग धुवायचं, 72 तासांनी स्लाइड बघायची. 1 टक्क्याच्या वर जिवंत दिसले तर शंका घ्यायची, पण मेलेले आणि जिवंत ओळखायला नजर बसावी लागते आणि त्याला वेळ जातो, तो दे.

आता एक प्रोटीन निवड आणि पानभर लिहून पाठव, ते पेशीत कुठे असतं, काय वाहतं किंवा काय घडवतं, काढून टाकलं तर पॅरासाइट जगतो का. म्युटेशनचं आपण त्यानंतर बोलू.