कुपी कुठे ठेवायची? आधी छप्पर बघा

विट्याच्या एका शिक्षिकाबाईंनी दोन प्रश्न विचारलेत, शिवाय वर्गाची सहल कुठे न्यावी हेही विचारलंय. पहिला त्यांचा स्वतःचा: अमेरिकेत 'डिस्कव्हरी' हे निवृत्त स्पेस शटल, म्हणजे अंतराळवीरांची ने-आण करणारं विमानासारखं यान, वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयातून काढून ह्यूस्टनला न्यायचा घाट घातलाय, ते योग्य आहे का? दुसरा त्यांच्या सातवीच्या वर्गातून आलेला: आपलं गगनयान माणसं घेऊन परत आलं की ती कुपी, म्हणजे माणसं ज्यात बसून परततात तो यानाचा भाग, मुंबई-दिल्लीलाच का ठेवायची, आपल्या सांगलीत का नाही?

बाई, दुसरा प्रश्न ज्या लेकराने विचारला त्याला माझी शाबासकी सांगा. मी सव्वीस वर्षं विज्ञान प्रदर्शनांच्या मांडणीत आणि दुरुस्तीत काढली. त्यातली नऊ फिरत्या प्रदर्शनाच्या बसवर. जत, आटपाडी, दहिवडी, म्हसवड. शाळेच्या पटांगणात बस उभी करायची, पोरांना दिवसभर दाखवायचं आणि संध्याकाळी सगळं परत बांधायचं. त्यातून एक सवय लागली. मोलाची वस्तू कुठे ठेवावी असा वाद निघाला की हक्क कुणाचा हे मी नंतर बघतो, आधी छप्पर बघतो. तिथे पाणी येऊ शकतं का, आणि रोज सकाळी येऊन वस्तूवरून नजर फिरवणारा पगारी माणूस आहे का, हे विचारतो. ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय मला पुढचं बोलता येत नाही.

आता डिस्कव्हरी. या यानाने ३९ उड्डाणं केली, अवकाशात मिळून ३६५ दिवस काढले, हबल दुर्बीण १९९० मध्ये यानेच वर नेली. २०११ मध्ये शटलं थांबली तेव्हा वाटायला चारच होती. डिस्कव्हरी स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेकडे, वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात गेलं, अटलांटिस फ्लोरिडाच्या उड्डाणतळावरच राहिलं, एन्डेव्हर लॉस एंजेलिसला आणि अवकाशात कधीच न गेलेलं, फक्त हवेतल्या चाचण्यांसाठी बांधलेलं एंटरप्राइझ न्यूयॉर्कला. ह्यूस्टनच्या वाट्याला काहीच आलं नाही. जिथे अंतराळवीर राहिले, शिकले, जिथल्या नियंत्रण कक्षातून प्रत्येक उड्डाण सांभाळलं गेलं, कल्पना चावला ज्या गावातून कामावर जायच्या, त्या गावाला एक प्रतिकृती मिळाली. त्यांची खंत मला मनापासून पटते. २०११ साली मला कुणी विचारलं असतं तर मी न्यूयॉर्कच्या आधी ह्यूस्टनचं नाव घेतलं असतं.

पण तो निर्णय २०११ चा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला त्यात यान ह्यूस्टनला हलवण्यासाठी साडेआठ कोटी डॉलर ठेवलेत, आणि इथे मी ह्यूस्टनच्या बाजूने उभा राहू शकत नाही. कारण हलवण्यात काय होतं ते मला ठाऊक आहे.

शटल म्हणजे ३७ मीटर लांब आणि पंखांपाशी जवळजवळ २४ मीटर रुंद असं धूड, त्याच्या अंगावर सुमारे चोवीस हजार टाइल्स. वातावरणात परत शिरताना उष्णता सोसणाऱ्या या टाइल्स सिलिकाच्या धाग्यांच्या असतात. आत बहुतांश हवाच, त्यामुळे हातात घेतली तर थर्माकोलसारखी हलकी आणि बोटाने दाबली तर खळगा पडेल इतकी नाजूक. हे धूड पाठीवर घेऊन उडणारी खास बोइंग ७४७ विमानं दोनच होती. दोन्ही निवृत्त झाली. त्यातलं एक आज ह्यूस्टनलाच उभं आहे, तीच प्रतिकृती पाठीवर घेऊन. म्हणजे उरला रस्ता आणि पाणी. स्मिथसोनियनने सांगितलंय की यान बऱ्याच अंशी सुटं करावं लागेल. सुटं करून जोडलेलं यान तेच यान राहतं का, हा मला यातला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. माझ्या मते राहत नाही. बाकी सगळे पैशाचे प्रश्न आहेत.

आधीच्या हलवाहलवीत काय झालं ते बघा. एन्डेव्हर विमानतळावरून संग्रहालयापर्यंत लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून नेलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये. अंतर १९ किलोमीटर, म्हणजे आपण सांगलीहून मिरजेला जाऊन परत येतो साधारण तेवढं. तीन दिवस लागले आणि वाट करायला चारशेच्या आसपास झाडं तोडावी लागली. एंटरप्राइझ त्याच वर्षी जूनमध्ये बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू नावेवरून, नेताना एका रेल्वे पुलाजवळ पंखाचं टोक घासलं. ते नदीकाठच्या जहाजावर नेऊन ठेवलं, वर हवा भरून फुगवलेला तंबू उभारला. ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ आलं, वीज गेली, तंबू बसला आणि यानाच्या शेपटीला इजा झाली. नदीकाठ आणि कच्चं छप्पर! मी ती बातमी सांगलीत बसून वाचली तेव्हा पोटात कालवलं.

त्याहून वाईट बुरान. सोव्हिएत संघाचं हे शटल १५ नोव्हेंबर १९८८ ला माणसाशिवाय पृथ्वीभोवती फिरून स्वतःचं स्वतः धावपट्टीवर उतरलं. जगात तेव्हा असं कुणी केलं नव्हतं. नंतर देश फुटला, पैसा आटला, यान बायकोनूर उड्डाणतळावरच्या हँगरात पडून राहिलं. १२ मे २००२ ला छपराची दुरुस्ती चालू असताना छप्पर कोसळलं. आठ कामगार गेले आणि अवकाशात जाऊन आलेलं एकमेव बुरान त्याखाली चिरडलं. ते कुठल्या शहरात असावं यावर वाद घालायलाही कुणी उरलं नव्हतं. त्याच्या जातीचं एक चाचणीचं यान मात्र आज जर्मनीत स्पायरच्या संग्रहालयात सुरक्षित आहे, ऱ्हाइन नदीतून बार्जवर आलेलं. मायदेशी राहिलेलं गेलं, परक्या गावी गेलेलं वाचलं.

छपराचं मी एवढं का धरून बसलोय? २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर एका संस्थेतून निरोप आला म्हणून आम्ही चौघे गेलो. त्यांची जुनी उपकरणं आणि एक पितळी दुर्बीण तळघरात होती. दार उघडलं तर गुडघाभर गाळ. दुर्बिणीची नळी धुतली, वाळवली, ती दिसायला बरी झाली. भिंगावर मात्र बुरशीने जाळं विणलं होतं, काचेतच उतरलेलं. ते निघालं नाही. त्या दुर्बिणीतून सांगलीतल्या किती पोरांनी शनीची कडी पाहिली असतील! म्हणून तुमच्या वर्गाला सांगा, मी सांगलीचा असूनही गगनयानाची कुपी सांगली शहरात नदीच्या पट्ट्यात ठेवायला माझा विरोध आहे.

पण त्या लेकराच्या प्रश्नातला खरा प्रश्न वेगळा आहे. लहान गावाला असली वस्तू मिळावी का? मिळावी. आणि ती लहान गाव सांभाळू शकतं का? याचं उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात आहे.

हचिन्सन नावाचं गाव. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्या विट्याहून मोठं नाही. शेतीचं आणि मिठाच्या खाणींचं गाव. १९६२ मध्ये पॅट्रिशिया कॅरी या बाईंनी तिथल्या जत्रेच्या मैदानावर, कोंबड्यांचं प्रदर्शन भरायचं त्या इमारतीत, एक छोटं तारांगण सुरू केलं. त्याचं पुढे कॉस्मोस्फिअर झालं. अपोलो १३ ठाऊक आहे ना? १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघे जेमतेम परतले, ते यान. चौकशीसाठी त्याची आतली यंत्रं काढली गेली, ती ठिकठिकाणी पांगली, आणि रिकामं कवच पॅरिसजवळच्या विमानसंग्रहालयात जाऊन बसलं. हचिन्सनच्या लोकांनी वर्षानुवर्षं एकेक भाग शोधला, माग काढला, मागून आणला. हजारो भाग जमवून ते यान परत उभं केलं. आज ते तिथेच आहे.

दुसरी गोष्ट त्याच गावची, आणि ती आपल्या जास्त कामाची. १९६१ मध्ये अंतराळवीर गस ग्रिसम यांची लिबर्टी बेल ७ ही कुपी समुद्रात उतरल्यावर बुडाली. ती १९९९ मध्ये सुमारे पाच किलोमीटर खोलीवरून वर काढली, आणि वर काढल्याबरोबर परत समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पेटीत ठेवली. कारण मीठ मुरलेलं धातूचं अंग हवेला उघडं पडलं की झपाट्याने गंजायला लागतं. त्याच पेटीतून ती हचिन्सनला नेली, तिथे पुरती उलगडली, स्वच्छ केली, जोडली. हे कसब मोठ्या राजधानीच्या नव्हे, त्या गावच्या माणसांनी कमावलेलं होतं.

(इथे तुम्ही मला अडवाल: डिस्कव्हरी सुटं करायला विरोध आणि लिबर्टी बेल उलगडली त्याचं कौतुक? फरक असा की एक आजारी होतं म्हणून उघडलं. दुसरं धडधाकट आहे.)

गगनयानाची कुपीही समुद्रातच उतरणार आहे. तिचं हे मीठ पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी डोक्यात असलं पाहिजे. इस्रोला समुद्रातून कुप्या काढायचा अनुभव आहे. २००७ मध्ये ५५० किलोची एक कुपी बारा दिवस पृथ्वीभोवती फिरून बंगालच्या उपसागरात उतरली. डिसेंबर २०१४ मध्ये गगनयानाच्या आकाराची कुपी अंदमानजवळ उतरवली. २१ ऑक्टोबर २०२३ ला आणीबाणीतून सुटकेची चाचणी झाली, तीही कुपी नौदलाने समुद्रातून उचलून आणली. म्हणजे वाटायला एकच वस्तू आहे असं धरून भांडायची गरज नाही.

माझं मत असं. माणसं बसून गेलेली पहिली कुपी आधी काही वर्षं अभियंत्यांकडेच राहू द्या. तिच्या उष्णताकवचाचा प्रत्येक ओरखडा त्यांना वाचायचा असतो. मग ती बंगळुरूला ठेवा. मानवी उड्डाणाचं केंद्र तिथे आहे, गाव समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर, हवा सौम्य, आणि कुठला बोल्ट कशासाठी आहे हे सांगणारी माणसं हाकेच्या अंतरावर. आणि तिला घासून चकचकीत करू नका. अपोलो ११ च्या यानात स्मिथसोनियनने २०१६ मध्ये आतून त्रिमितीय छायाचित्रण केलं तेव्हा भिंतींवर अंतराळवीरांनी हाताने लिहिलेले आकडे, नोंदी आणि दिवसांवर फुल्या मारलेलं एक छोटं कॅलेंडर सापडलं. कुणी उत्साहाने पुसून काढलं असतं तर ते कायमचं गेलं असतं.

माणसांविना गेलेल्या कुप्या मात्र लहान गावांना द्या. शटलसारखं त्यांचं नाही, साध्या ट्रेलरवर बसतात. आपल्याकडे द्यायची तर मी जागा सांगतो: माणदेश. दहिवडी, आटपाडी, जतचा पट्टा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. धातूला हवी ती कोरडी हवा. अमेरिका आपली निवृत्त विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी करते ती याचसाठी. ज्या हवेने माणदेशातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या चारा छावण्या आणि टँकर दाखवले, ती हवा अवकाशयान राखायला उत्तम आहे. बसवर असताना माझ्या पेट्यांमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असायच्या. कोयनेच्या बाजूला त्या चार दिवसांत बदलाव्या लागत, म्हसवडला महिना महिना चालत.

लोक येतील का? साताऱ्याने ते दाखवलंय. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि सगळ्यात आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, मुंबईत नव्हे. मी दोनदा गेलो. काचेसमोर एक आजी हात जोडून उभ्या होत्या आणि मागची रांग गुपचूप थांबली होती. खऱ्या वस्तूसमोर जे होतं ते प्रतिकृतीसमोर होत नाही. तीस वर्षांपूर्वी दिल्लीच्या नेहरू तारांगणात, राकेश शर्मा १९८४ मध्ये ज्यातून जमिनीवर उतरले ती सोयुझ या सोव्हिएत यानाची कुपी पाहिली तेव्हा माझंही तेच झालं. करपलेलं, काळवंडलेलं अंग, आणि तीन माणसं मावतील यावर विश्वास बसू नये एवढीशी जागा. माझ्या बसमधल्या पोरांना ती दाखवायला दिल्लीला कशी नेणार, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

अट एकच. वस्तू देण्याआधी पक्की इमारत, दोन पगारी माणसं आणि त्यांचं शिक्षण यांची तरतूद लिहून झालेली हवी. उद्घाटनानंतर बघू, असं म्हणणाऱ्या गावाला देऊ नका, मग ते माझं का असेना.

सहलीचं विचारलंत म्हणून सांगतो. या हिवाळ्यात वर्गाला औंधला न्या. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि जगातली मोठमोठी संग्रहालयं ज्यांची शिल्पं मिरवतात त्या हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्प तिथे, आपल्या खेड्यात आहे. मुलांना ते बघू द्या. मग तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाला तरी दहा मिनिटं मागा आणि मुलांना विचारायला सांगा: काका, पावसाळ्यात तुम्ही या सगळ्याचं काय करता? ते जे सांगतील ते मुलांनी लिहून आणावं, आणि मलाही पाठवावं.