गिअर अडकतोय, मॉड्यूल बदलू का?

प्रश्न: माझी ऑटोमॅटिक पिकअप चालता चालता एकाच गिअरमध्ये अडकते. बंद करून परत चालू केली की काही वेळ ठीक. स्कॅनरवर पी ०७०० हा बिघाडाचा कोड आला. मेकॅनिक म्हणतो, ट्रान्समिशनचं मॉड्यूल (गिअर बदलणारा छोटा संगणक) गेलं. बदलू का?

उत्तर: थांबा जरा. पी ०७०० म्हणजे नुसती दारावरची बेल. ट्रान्समिशनमध्ये काहीतरी बिघडलंय एवढंच ती सांगते, दारात कोण आहे ते तिला माहीत नसतं. मॉड्यूलच्या आतले कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. यू ०१०१ आला तर मॉड्यूलशी संपर्क तुटतोय, पण तो फ्यूज, वायर किंवा खराब अर्थिंगमुळेही तुटतो. बॅटरी तपासा, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॉड्यूलचा कनेक्टर उघडा आणि टॉर्च मारून पिना बघा. हिरवट थर, म्हणजे गंज? की लालसर तेल? काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल वायरीच्या आतून चढत थेट कनेक्टरपर्यंत येतं. पुष्कळांना हे दाखवल्याशिवाय पटत नाही!

पॉवर आणि अर्थ नीट मिळूनही मॉड्यूल गप्प असेल, तरच बदला. जुनं स्वस्तात मिळेल, पण त्यात बहुतेकदा आधीच्या गाडीचा चासी नंबर बसलेला असतो. नव्यालाही प्रोग्रॅमिंग लागतंच. त्या वेळी बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावाच. नंतर सुरुवातीला गिअर थोडे धक्क्याने पडतील, त्याला घाबरू नका.