आधी अक्यूट पेन की गॅस एक्स्चेंज?

प्रश्न : सिस्टर, मी कळव्याला जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात शहापूरकडचा १९ वर्षांचा सिकलसेलचा (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) मुलगा आलाय. कंबर आणि पाय भयंकर दुखतायत, पेन स्कोअर दहापैकी ९, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९७ टक्के. केअर प्लॅनमध्ये नर्सिंग निदानं महत्त्वाच्या क्रमाने लिहायची, त्यात मी 'अक्यूट पेन' (तीव्र वेदना) पहिलं लिहिलं. मैत्रीण म्हणते, श्वास नेहमी आधी, 'इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज' (फुप्फुसांतली ऑक्सिजनची देवाणघेवाण बिघडणं) वर घे. कुणाचं बरोबर?

उत्तर : तुझं. श्वास आधी हे खरंच, पण श्वासात बिघाड दिसायला तर हवा! सॅच्युरेशन ९७, श्वासाची गती ठीक, छातीत काही नाही, मग पुरावा म्हणून लिहिणार काय? वेदना मात्र समोर आहे. विळ्यासारख्या झालेल्या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे हाडाला रक्त पोचत नाही, म्हणून तो कळवळतोय. त्यामुळे दुसरं निदान रक्तपुरवठ्याचं. शेक, पुरेसं पाणी, सैल कपडे त्याखाली येतील. बर्फ लावू नकोस, वाहिन्या आणखी आकसतात. सलाईनही ऑर्डरपेक्षा जास्त जाऊ देऊ नकोस, फुप्फुसांवर भार येतो.

वेदनेबद्दल जरा सविस्तर सांगते. 'मोबाईल बघत पडलाय, याला कसलं दुखतंय? इंजेक्शनची सवय लागलीय,' असं वॉर्डात ऐकू येतं. मला याचा फार राग येतो. लहानपणापासून हे सोसणारा माणूस दर वेळी ओरडत नाही. तो ९ म्हणाला की ९ लिहायचं. आल्यापासून तासाभरात पहिला डोस मिळायला हवा, आणि पुढे दर अर्ध्या-एक तासाने पुन्हा विचारायचं. मॉर्फिन (वेदनेचं जोरदार औषध) चालू असेल तर श्वास मोजायचे, गुंगी बघायची.

क्रम कधी बदलेल? छातीत दुखू लागलं, ताप-खोकला आला, सॅच्युरेशन घसरलं तर अक्यूट चेस्ट सिंड्रोमची (सिकलसेलमध्ये फुप्फुसांत होणारी गंभीर गुंतागुंत) शंका घे, डॉक्टरांना लगेच बोलाव आणि गॅस एक्स्चेंज पहिल्या नंबरवर ने. वेदनेचं औषध तेव्हाही थांबत नाही, कारण बरगड्या दुखल्या की पेशंट उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसांचा खालचा भाग बंद पडत जातो. म्हणूनच आजपासूनच, तो जागा असताना दर दोन तासांनी १० वेळा स्पायरोमीटर (खोल श्वास घ्यायचं साधन) करून घे.

'रिस्क फॉर इन्फेक्शन' (जंतुसंसर्गाचा धोका) तिसरं ठेव. नुसता धोका आहे म्हणून तळाला ढकलू नकोस. या आजारात प्लीहा बहुधा बालपणीच निकामी होते, आणि जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून १०१ फॅरनहाइटच्या पुढचा ताप ही इमर्जन्सीच.

शिकवणं शेवटी. स्कोअर ९ असताना कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. दुखणं उतरलं की हायड्रॉक्सीयुरिया (वेदनेचे झटके कमी करणारं औषध) सुरू असेल तर ते रोज घेण्याबद्दल बोल. भातलावणीत तासन् तास गार पाण्यात उभा राहतो का, पाण्याची बाटली शेतावर नेतो का, हे विचार. आणि रात्री ताप चढला तर पाड्यावरून दवाखान्यात कोण नेणार, कशाने नेणार, हे त्याच्या घरच्यांसमोर ठरवून प्लॅनमध्ये लिही.