राष्ट्रीय फिगर स्केटिंग इंदुरात आणायचं, तर आधी बर्फाचा हिशेब

बर्फावरच्या फिगर स्केटिंगची राष्ट्रीय स्पर्धा इंदूरने मागावी का, आणि मागितली तर झेपेल का, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

शहरात चांगले इनडोअर हॉल आहेत. त्यातल्याच एखाद्यात बर्फ घालून स्पर्धा घेता येणार नाही का? (एक वाचक, रामबाग)

आधी टेप घेऊन हॉल मोजा. प्रमाण रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. बास्केटबॉलचं मैदान २८ बाय १५ मीटरचं. अशी चार मैदानं दोनावर दोन मांडली की जेवढी जागा होते, जवळपास तेवढा नुसता बर्फ. त्याला कठडा हवा, एका लांब बाजूला परीक्षकांचा ओटा हवा, खेळाडूंना यायला रबरी मॅटची वाट हवी आणि बर्फ सारखा करणाऱ्या यंत्राला वळायला जागा हवी. म्हणजे मध्ये एकही खांब नसलेली ७० बाय ४० मीटरची जागा धरा. टेबल टेनिसला किंवा बॅडमिंटनला उत्तम असलेला हॉल इथे अपुरा पडतो.

लाकडी फरशीचा हॉल मिळत असला तरी घेऊ नका. खाली कितीही थर्मोकोल घातला तरी थंडावा झिरपतो, फरशीवर दव धरतं आणि लाकूड फुगतं. पहिल्या मजल्यावरचा हॉलही नको, कारण पाण्याने भरलेलं यंत्र चार-पाच टनांच्या घरात जातं.

आमच्या मते इंदूरसाठी खरा पर्याय मोकळ्या, पक्क्या जमिनीवरच्या जर्मन हँगरचा, म्हणजे मध्ये खांब नसलेल्या मोठ्या तात्पुरत्या मांडवाचा आहे. मात्र जमीन पाणसळीत हवी. एका टोकाला दोन सेंटीमीटर उतार राहिला, तर पाणी आपली पातळी धरणारच: इकडे तीन सेंटीमीटर बर्फ, तिकडे पाच. थंडावा बर्फाखाली अंथरलेल्या नळ्यांतून येतो, त्यामुळे जाड बाजूचा पृष्ठभाग मऊ राहतो. मग एकाच कार्यक्रमात खेळाडूला दोन तऱ्हेच्या बर्फावर उड्या माराव्या लागतात.

स्पर्धा चार दिवसांची. जागा आठवडाभर घेतली तर पुरेल? (स्नेहलतागंज)

नाही. सोळा दिवस लागतात. खालचं इन्सुलेशन, नळ्यांच्या मॅट, कठडा आणि चिलरची (नळ्यांतलं द्रव गार करणाऱ्या यंत्राची) जोडणी यात तीन दिवस जातात. बर्फ धरायला तीन, खेळाडूंच्या सरावाला दोन, स्पर्धेला चार, वितळवून जागा मोकळी करायला तीन, आणि काहीतरी अडणारच म्हणून एक दिवस हातचा.

बर्फ धरायला तीन दिवस कशाला, हे आकड्यांवरून दिसेल. १,८०० चौरस मीटरवर तीन सेंटीमीटर म्हणजे ५४,००० लिटर पाणी, पाच हजारी टँकर असले तर अकरा. पंचवीस अंशांचं हे पाणी उणे चार अंशांच्या बर्फात उतरवायला शंभर टनी (हे टन वजनाचे नव्हेत, गार करण्याच्या क्षमतेचे) चिलरला नुसत्या हिशेबानेच एकोणीस तास लागतात. बाहेरून येणारी उष्णता यात धरलेली नाही.

शिवाय पाणी एकदम ओतता येत नाही. आधी नळ्यांवर बारीक फवारा मारून पातळ पापुद्रा धरायचा, त्यावर पांढरा रंग, रंगावर पुन्हा फवारा आणि मग थरावर थर. दीड मिलिमीटरचा एक थर म्हणजे २,७०० लिटर. तो गोठायला तास-दीड तास द्यायचा. असे वीस थर होतात, रात्रपाळी धरून. घाई करून जाड थर ओतला, की हवा आत अडकते आणि खाली पोकळ कवच तयार होतं. खेळाडू वेगात त्यावर उतरला की ते पाय पडल्या जागी फुटतं.

पांढरा रंग केवळ शोभेचा नाही. त्याच्याशिवाय खालच्या काळ्या नळ्या दिसतात, त्या दिव्यांची उष्णता शोषतात आणि परीक्षकांना स्केटच्या पात्याची कड नीट दिसत नाही.

पाणी नर्मदेचं वापरायचं की बोअरिंगचं? फरक पडतो का? (सुदामा नगर)

प्रश्न फार मोलाचा आहे. घरी एक प्रयोग करा. स्टीलच्या वाटीत बोअरिंगचं पाणी भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी कडेचा बर्फ काचेसारखा दिसेल आणि मधोमध पांढुरका, भुसभुशीत गोळा असेल. गोठताना पाणी आपल्यातले क्षार आणि हवा पुढे ढकलत जातं, आणि जो भाग शेवटी गोठतो तिथे ती साचतात. वाटी चहूबाजूंनी गोठते म्हणून गोळा मध्ये. रिंक खालून वर गोठते, म्हणजे हा सगळा ऐवज वर, नेमका पात्याखाली जमतो. असा बर्फ चिकट होतो, पातं ओढल्यासारखं वाटतं, कड धरत नाही.

मुळात इंदूरला जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी घ्यावं, बोअरिंगचं नको. तेही आरओमधून काढून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शंभरच्या आसपास आणावा. अगदी शून्यावर नेऊ नका. फार शुद्ध पाण्याचा बर्फ ठिसूळ होतो. प्रत्येक टँकर उतरवण्याआधी हातातल्या मीटरने तपासा. टँकरवाला म्हणाला नर्मदेचं, म्हणून नर्मदेचं, असं धरून चालू नका.

वीज किती लागेल? आणि तारखा कोणत्या मागाव्यात? (एक निवृत्त अभियंता, राजेंद्र नगर)

तारखा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच्या. तेव्हा माळव्यातली हवा थंड असतेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोरडी असते. बर्फाचा मोठा शत्रू दमटपणा. दमट हवा बर्फाला टेकली की धुकं धरतं. छताला दव लागून थेंब पडतात आणि बर्फावर मुरमासारखे टेंगूळ उठतात. त्यावर पातं अडखळलं की घोटा गेला. म्हणून चिलरइतकंच डेसिकंट पद्धतीचं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषून घेणारं यंत्र महत्त्वाचं. आतली हवा १२ ते १५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायची.

इथे एक चूक हमखास होते. चाचणी रिकाम्या मांडवात घेतात, आणि सगळं छान दिसतं. पण बसलेला माणूस तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम वाफ हवेत सोडतो. दीड हजार प्रेक्षक म्हणजे तासाला साठ-पंचाहत्तर लिटर पाणी. यंत्रणा त्या हिशेबाने घ्या. जमल्यास सरावाच्या दिवशी शाळांची मुलं बोलावून मांडव भरा आणि छताकडे बघत बसा.

विजेचं म्हणाल, तर शंभर टनी चिलरलाच दीडशे किलोवॉटच्या आसपास लागतात. डीह्युमिडिफायर, दिवे, गरम पाणी आणि पंप मिळून चारशे किलोवॉटची तात्पुरती जोडणी मागा आणि चिलर-पंपांपुरता जनरेटर तयार ठेवा. अर्धा तास वीज गेली तर बर्फ वितळत नाही, घाबरू नका. दारं बंद करा आणि दिवे मालवा. तीन-चार तास गेली, तर त्या दिवसाची स्पर्धा गेली.

त्या मोठ्या यंत्राशिवाय भागणार नाही का? भाडं फार सांगतात. (तिलक नगर)

भागणार नाही. उड्यांपैकी टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या तिन्ही पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रोवून मारतात. एका गटाच्या सरावानंतर खाली वाकून पाहा: बोटाचं पेर आत जाईल अशी भोकं, आणि भोवती साखरेसारखा चुरा. यंत्र वरचा पापुद्रा खरवडतं, चुरा उचलतं आणि मागच्या फडक्यातून साठ अंशांचं गरम पाणी पसरतं. गरम अशासाठी, की ते खालचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, आणि त्यात विरघळलेली हवाही कमी असते. गार पाणी नुसतं वर बसतं आणि पापुद्र्याने सुटतं.

एका फेरीला साधारण सहाशे लिटर पाणी धरा; तेवढं पाणी पंचविसावरून साठ अंशांवर न्यायला पंचवीस युनिट वीज लागते. दिवसाला सहा फेऱ्या होतील, त्या मानाने टाकी आणि बॉयलर ठेवा. यंत्र बॅटरीवरचं मागा. गॅसवरचं बंद मांडवात कार्बन मोनॉक्साइड सोडतं. जास्तीचं धारदार पातं सोबत हवंच. खरवडलेला चुरा दर फेरीला ढीगभर निघतो, तो टाकायला मांडवाबाहेर निचऱ्याची जागा आखा.

भोकं मात्र यंत्राने पुरती भरत नाहीत. दोन बादल्या, ओला चुरा आणि चार चपळ स्वयंसेवक लागतात. भोकात चुरा दाबायचा, वरून थोडं पाणी. बर्फ उणे तीन ते उणे चार अंशांवर ठेवा. आइस हॉकीचा बर्फ याहून थंड आणि कडक असतो. तसा ठेवला तर दाते रोवताना ढलप्या उडतात.

परीक्षक आणि वेळापत्रक कसं असतं? (लोकमान्य नगर)

परीक्षक जास्तीत जास्त नऊ, वर एक रेफरी. घटक (उड्या, गिरक्या वगैरे) ओळखून त्यांची पातळी ठरवणारं तांत्रिक मंडळ वेगळं असतं. त्यात कंट्रोलर आणि दोन स्पेशालिस्ट असतात, जोडीला नोंद घेणारा आणि व्हिडिओ दाखवणारा. परीक्षक प्रत्येक घटकाला उणे पाच ते अधिक पाच गुण देतात. ही सगळी व्यवस्था संगणकावर चालते, तेव्हा केबल ओढा, वायफायवर विसंबू नका, आणि यूपीएस द्या. परीक्षक गारठतात, त्यांना ब्लँकेट द्या. हीटर लावलाच तर त्याचं तोंड बर्फाकडे नको.

प्रत्येक खेळाडू दोन कार्यक्रम सादर करतो. वरिष्ठ गटाचा शॉर्ट प्रोग्राम २ मिनिटं ४० सेकंदांचा, फ्री स्केटिंग ४ मिनिटांचं. दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतं. सहा जणांच्या गटाला सहा मिनिटांचा वॉर्म-अप मिळतो. येणं-जाणं आणि गुण धरून शॉर्टमध्ये माणशी सहा मिनिटं, म्हणजे गटाला बेचाळीस. दोन गट झाले की यंत्राची फेरी, पंधरा मिनिटांची. वेळापत्रक छापताना ही पंधरा मिनिटं विसरली, की संध्याकाळची स्पर्धा रात्री अकराला संपते.

प्लास्टिकचा बर्फ स्वस्त पडतो. तो चालेल? (एक क्लब, पागनीसपागा)

स्पर्धेला नाही. पॉलिथिलीनच्या पाट्यांवर घर्षण जास्त असतं, घसर कमी, आणि पात्याची धार लवकर जाते. गिरक्यांच्या आणि उड्यांच्या सरावाला तो उपयोगी आहे.

माझी मुलगी चाकांवर आर्टिस्टिक स्केटिंग करते. बर्फावर तिला जमेल? (एक आई, नारायण बाग)

जमेल, आणि लवकर जमेल, ताई. गिरकीतला तोल, हवेत अंग आवळून घेणं, थ्री-टर्न (एका पायावर दिशा बदलणारं वळण), संगीताची जाण हे सगळं तिच्या कामाला येईल. अडेल ते पात्याशी. पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते आणि तिला आतली व बाहेरची अशा दोन कडा. चाकांवर चारही चाकं टेकलेली असतात. इथे सपाट उभं राहिलं की पाय भरकटतो, सतत एका कडेवर राहावं लागतं. थांबणंही नव्याने शिकावं लागेल. पहिले दहा-बारा तास नुसत्या कडा आणि थांबणं, उड्या नाहीत. बूट घोट्याशी घट्ट घ्या, वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे नकोत. बर्फाबाहेर पात्यांना गार्ड घालूनच चालू द्या. फरशीवर चार पावलांत धार जाते. वय १ जुलैला किती, त्यावर गट ठरतो.

अर्जात काय लिहावं, म्हणजे इंदूरचा विचार होईल? (एक वाचक, इंदूर)

शहर किती स्वच्छ आणि पाहुणचार किती उत्तम, हे एका ओळीत पुरे. आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे राज्य संघटनेमार्फत जाताना सोबत जागेचा मोजलेला नकाशा, सोळा दिवसांच्या ताब्याचं पत्र, चिलर आणि डीह्युमिडिफायर पुरवणाऱ्याचा लेखी करार, वीज मंजुरी, पाण्याचा तपासणी अहवाल, बर्फ सांभाळणाऱ्या जाणकाराचं नाव आणि पात्यांना धार लावण्याची सोय एवढं जोडा. हे जोडणारं शहर गंभीर आहे, हे लगेच कळतं.

कायमची रिंक बांधू, असं वचन मात्र उत्साहात देऊ नका. डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, आणि नंतर बरीच वर्षं बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा चालू झाली. बांधकामाचा पैसा एकदा लागतो, बर्फाचं वीजबिल दर महिन्याला येतं. तेव्हा तात्पुरत्या रिंकचाच प्रस्ताव द्या, आणि स्पर्धा आटोपल्यावर बर्फ लगेच वितळवू नका. आणखी तीन दिवस तो चाकांवर शिकणाऱ्या मुलांसाठी मोकळा ठेवा. तेवढ्यासाठी जागेचा ताबा सोळाऐवजी एकोणीस दिवसांचा मागा.