आधी वेळापत्रक दाखवा, तत्त्वज्ञानाचं नंतर बघू

ताई, तुम्ही विचारलंय की कराडजवळ छोटी शाळा काढताय, अभ्यासक्रम विद्यार्थीकेंद्री करायचाय, तर अमेरिकेचे शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई, इटलीच्या मारिया मॉन्टेसरी की गांधीजींची नई तालीम (हाताच्या कामातनं शिक्षण), नक्की कुणाचं धरायचं. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात मराठी शाळेत गेली, त्यावरनं सांगतो, कुणाचंही धरा, पण ते वेळापत्रकात आणि चाचणीच्या पेपरात दिसू द्या, माहितीपत्रकात काय सगळेच लिहितात.

तुमच्या शेजारचंच बघा ना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला आणि शिकायचं ते स्वतः राबून. म्हणजे श्रम हाच अभ्यासक्रम होता. आपल्याकडं कार्यानुभवचा तास असतो तो गणिताचे सर मागून घेतात, झालं!

ड्यूईच्या नावावर लोक पोरांना मोकळं सोडतात, ते पण चूक. १८९६ ला शिकागोत त्यानं शाळा काढली तिथं पोरं स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करायची खरी, पण त्यातनं गणित-विज्ञानाकडं न्यायचं काम मास्तरांचंच होतं.

ज्ञानरचनावादाची, म्हणजे पोरं स्वतः करून-अनुभवून ज्ञान घडवतात या विचाराची लाट आली तेव्हा आपल्या सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला अख्ख्या महाराष्ट्रातनं शिक्षक यायचे. बरेच जण परत जाताना नुसता रंग घेऊन गेले. आम्ही पण फरशी रंगवली, पोरांना गोल बसवलं आणि मधे उभा राहून मीच बोलत होतो 😄

खरं जमलं ते एकदाच. पाचवीला क्षेत्रफळ चाललेलं, पोरांच्या तोंडी चौरस मीटर कुठला, घरात सगळं गुंठ्यात. मग ३३ फुटांची दोरी घेऊन मैदानावर गेलो, ३३ बाय ३३ चा चौकोन फक्कीनं आखला, १०८९ चौरस फूट म्हणजे एक गुंठा. मागनं एक पोरगं म्हणालं, "सर, आमची पट्टी लांबडी हाय, मग तिच्यात गुंठा कसा बसायचा?" पुढचे तीन दिवस त्यातच गेले, ११ बाय ९९ ची पट्टी पण एक गुंठाच भरते हे पोरांनीच आखून काढलं, माझं नियोजन गेलं उडत.

आणि चाचणीत मी काय विचारलं? सूत्र लिहा. त्या पोराला दहापैकी चार पडले.

तर तुमच्या पाचवीच्या पेपरचा नमुना आणि आठवड्याचं वेळापत्रक टाका इथं, मग बोलू.