भुरीला निंबोळी चालेल, डाऊनीला नाही

प्रश्न : दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली, पाऊस मात्र उघडत नाही. शेजारचे दादा म्हणतात, निंबोळी तेल आणि दशपर्णी अर्क मारत राहिलं तर भुरी-डाऊनी दोन्ही रोग आटोक्यात राहतात. सर, महागडी औषधं बंद करू का?
– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड

उत्तर : ताई, दादांचं अर्धंच ऐका.

भुरीची बुरशी पानाच्या वरच राहते. तिचं जाळं बाहेर पसरतं आणि अन्न शोषायला ती फक्त वरच्या थरातल्या पेशींत तोंड खुपसते. त्यामुळे तेलाचा पातळ थर बसला की बीजाणू रुजत नाहीत, तंतू सुकतात. हे काम तेलाचं. बाटलीवर 1,500 किंवा 10,000 पीपीएम छापलेलं असतं ते ॲझाडिरेक्टिन या निंबोळीतल्या घटकाचं प्रमाण, आणि तो घटक मुख्यतः किडींसाठी. भुरीसाठी तो आकडा बघून जादा पैसे मोजू नका.

डाऊनीचं तसं नाही. ओल्या पानावर तिचे बीजाणू पाण्यात पोहत पर्णरंध्रांतून आत शिरतात आणि रोग आतच वाढतो. वर तेलकट डाग दिसेपर्यंत तिनं आत ठाण मांडलेलं असतं, तिथं निंबोळी पोचत नाही. (शास्त्रज्ञ तर तिला आता खरी बुरशीही मानत नाहीत, शैवालांच्या गोतावळ्यात धरतात.) पाऊस चालू असताना डाऊनीची फवारणी अजिबात थांबवू नका. औषध मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतलंच घ्या आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर) पाळा.

दशपर्णीबद्दल माझं मत कडू आहे. पाला, शेण, गोमूत्र कुजवून केलेल्या अर्काची ताकद प्रत्येक पिंपात वेगळी. डाऊनीसारख्या रोगासमोर मी त्याच्या भरवशावर बाग सोडणार नाही.

भुरीसाठी तेल वापरायचंच तर लिटरला 5 मिली. आधी साबणाच्या पाण्यात घोटून दुधासारखं करा, मगच टाकीत ओता, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी संध्याकाळी घ्या. गंधक मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. हे दोन्ही जवळजवळ पडले की पानं करपतात. मणी फुगायला लागल्यावर तेल बंद, कारण त्यानं मण्यावरची पांढरी लव, म्हणजे मेणाचा पातळ थर, जाते आणि व्यापारी भाव पाडतो. पहिल्यांदा कडेच्या चार-पाच वेलींवर मारून दोन दिवस पानं बघा.