घणसोलीच्या पीनट बटरवाल्या ताईंसाठी: यीस्टने अफ्लाटॉक्सिन जाईल का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवी मुंबईत तुर्भ्याच्या दाणा बंदर या धान्य बाजारातून शेंगदाणा आणता, घरच्या युनिटमध्ये पीनट बटर करता. यंदाच्या लॉटचा रिपोर्ट २७ पीपीबी (किलोला २७ मायक्रोग्रॅम) अफ्लाटॉक्सिन, म्हणजे दाण्यावरच्या बुरशीचं विष, असा आला. जनुकं बदललेलं यीस्ट हे विष मोडतं असं वाचलंत, तर ते आणून दाण्यावर मारता येईल का? मी बरीच वर्षं रबाळ्याच्या पट्ट्यात अन्न तपासणीचं काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या लॉटसाठी उत्तर 'नाही' असं आहे. पण त्यामागचं विज्ञान खरं आहे आणि पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून ते नीट समजून घ्या.

या सगळ्यात यीस्ट हा फक्त कारखाना असतो, काम करतं ते एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. निसर्गात काही जिवाणू आणि बुरशा अशी विषं पचवतात. त्यांच्यातलं नेमकं जनुक काढून यीस्टमध्ये बसवायचं, की यीस्ट ते एन्झाइम भरपूर तयार करतं. हे तंत्र आपल्याला परकं नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आणलेली हिपॅटायटिस बी ची लस पिचिया नावाच्या यीस्टमध्येच तयार होत होती.

बुरशीच्या विषांमध्ये याचं सगळ्यात पक्कं उदाहरण फ्युमोनिसिनचं, म्हणजे मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीच्या विषाचं. स्फिंगोपिक्सिस नावाच्या जिवाणूतलं एक जनुक पिचियात घातलं. त्यातून मिळणारं एन्झाइम फ्युमोनिसिनच्या बाजूच्या दोन साखळ्या तोडतं आणि उरलेला रेणू कितीतरी कमी विषारी असतो. युरोपने २०१४ मध्ये ते डुकरांच्या खाद्यात घालायला परवानगी दिली. इथे दोन गोष्टी बघा. ते जनावरांच्या खाद्यात घालतात, आणि ते काम करतं जनावराच्या पोटात, जिथे ओलावा आहे, ऊब आहे आणि वेळही आहे.

तुमची अडचण नेमकी इथे आहे. एन्झाइमला पाणी लागतं. इडलीचं पीठ आंबतं, कोरडे तांदूळ आंबत नाहीत, तसंच हे. दाण्यात ओलावा सहा-सात टक्के, दाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तेल, आणि विष बियांच्या आत मुरलेलं. वरून काही फवारलंत तर ते आतपर्यंत पोचणार नाही. उलट दाणा ओला होईल आणि बुरशीला नव्याने वाट मिळेल. पीनट बटरमध्येही पाणी जवळजवळ नसतं, म्हणून तिथेही तेच. शिवाय अफ्लाटॉक्सिन मोडणारी एन्झाइमं, उदाहरणार्थ एका अळंबीतून काढून पिचियात बसवलेलं ऑक्सिडेज, ही अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. जनुकं बदललेलं जिवंत यीस्ट अन्नात वापरायचं तर जीईएसी (जनुकं बदललेल्या जीवांना मंजुरी देणारी केंद्राची समिती) आणि एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण), दोन्हींची मंजुरी लागते. कुणी 'अफ्लाटॉक्सिन खाणारं यीस्ट' म्हणून पाकीट विकायला आलं तर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: विष मोडलं म्हणजे गेलं असं नाही, त्याचं काय झालं हे बघावं लागतं. झिअरालेनोन या बुरशीच्या दुसऱ्या विषात एन्झाइमने रेणूतली लॅक्टोन नावाची कडी उघडली की त्याचा इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखा परिणाम जातो, ते काम स्वच्छ आहे. पण गव्हा-बार्लीवरच्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या विषाचं बघा. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २०११ मध्ये इथेनॉलच्या आंबवणात असं यीस्ट वापरलं जे त्या रेणूला अॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवतं. विष कमी झालेलं दिसतं, पण तो गट जनावराच्या पोटात पुन्हा निघू शकतो. म्हणून मी अशा कुठल्याही दाव्याला पहिला प्रश्न विचारतो तो 'शेवटी काय उरलं?' हा.

मला याची खरी गरज दिसते ती इथेनॉलच्या कारखान्यांत. आता मक्यापासून इथेनॉल मोठ्या प्रमाणावर होतंय. आंबवताना स्टार्चची दारू होते, विष मात्र तसंच राहतं, आणि उरलेल्या चोथ्यात, म्हणजे डीडीजीएसमध्ये, ते साधारण तिप्पट दाट होतं. तोच चोथा कोंबड्यांच्या आणि गाईंच्या खाद्यात जातो. तिथे यीस्ट आधीच टाकीत असतं, पाणी असतं, दोन-तीन दिवस मिळतात. आंबवणारं यीस्टच विष मोडणारं असेल तर वेगळं काही करायला नको. या कामाला सरकारने आणि कारखान्यांनी पैसा द्यावा असं मला मनापासून वाटतं. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक गरीब आदिवासी. ज्यांच्याकडे दुसरं धान्य नसतं त्यांच्यापर्यंत हे विष आधी पोचतं.

आता तुमच्या लॉटचं. पुढे प्रक्रिया करायच्या दाण्याला मर्यादा १५, थेट खायच्या मालाला १०. तुमचा २७ दोन्हीत बसत नाही. भाजल्याने थोडं उतरतं, पण त्या भरवशावर राहू नका, हे विष आपल्या स्वयंपाकाच्या आचेला जुमानत नाही. चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणायचा विचारही नको. हे विष यकृताचा कॅन्सर करणारं आहे आणि पीनट बटर लहान मुलं रोज खातात.

लॉट व्यापाऱ्याला रिपोर्टसकट परत करा. पुढची खरेदी करताना हे लक्षात ठेवा की विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. मूठभर सुरकुतलेल्या, फुटक्या, काळपटलेल्या दाण्यांत बहुतेक सगळं असतं. म्हणून सॉर्टेक्स केलेला, म्हणजे यंत्राने रंगावरून निवडलेला माल घ्या, हलका भाजून साल काढा आणि साल काढल्यावर पुन्हा एकदा निवडा. रंग बदललेला दाणा सालीखाली लपतो, त्यामुळे ही दुसरी निवड सगळ्यात जास्त काम करते. जून ते सप्टेंबर आपल्या खाडीकाठच्या हवेत पोती जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा, आणि महिन्याभराच्या वर साठा नको. मॉइश्चर मीटर घ्या, ७ टक्क्यांच्या वरचा दाणा नाकारा.

निवडून काढलेला दाणा गोठ्यात देऊ नका. गाईने खाल्लेलं बी१ (अफ्लाटॉक्सिनचा एक प्रकार) तिच्या शरीरात एम१ या दुसऱ्या प्रकारात बदलून दुधात उतरतं, आणि दुधाची मर्यादा किलोला फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

तुमच्या रिपोर्टवर बी१ आणि एकूण असे वेगळे आकडे असतील तर दोन्ही इथे टाका. नमुना किती किलोचा आणि किती पोत्यांतून काढला होता तेही सांगा, कारण एकाच पोत्यातून पावशेर काढला असेल तर तो २७ चा आकडा लॉटबद्दल फारसं काही सांगत नाही, आणि मग व्यापाऱ्याशी बोलण्याआधी पुन्हा नमुना काढावा लागेल.